पेटीवरचा तळहात

सायकल मागून आली. आधी कोपराला धक्का, मग हातातली पिशवी रस्त्यावर, मग पिशवीतली खडूंची पेटी फुटून पांढरे-निळे तुकडे सगळीकडे. मालननं वळून बघितलं तेव्हा सायकलवाला एक पाय टेकवून उभा होता आणि त्याचं तोंड हलत होतं. मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल असावा. गळ्यातला पंचा, बोटं, नखं, सगळं पिवळं. तिनं त्याच्या ओठांकडे बघितलं. गेल्या काही वर्षांत ओठांकडेच बघायची तिला इतकी सवय झाली होती की समोरच्याचे डोळे कसे होते हे नंतर आठवायचंच नाही. "आवं बाई, कवाधरनं घंटी बडवतुया. भैऱ्या हायसा काय तुमी?" असं तो म्हणाला, आणि वाकून चार खडू उचलून तिच्या पिशवीत टाकून निघूनही गेला. तसा माणूस वाईट नव्हता. तोंडाला आलं ते बोलला, पुढच्या वळणाला विसरलाही असेल. मालन मात्र भर रस्त्यात तशीच उभी राहिली. सांगलीत बारा वर्षं झाली होती, आणि हा शब्द तिच्या तोंडावर पहिल्यांदाच कुणीतरी बोललं होतं. तिनं चटकन आजूबाजूला बघितलं. शाळेतलं कुणी नव्हतं. चहाच्या गाड्यावरचा एक म्हातारा तिच्याकडे बघत होता, पण म्हातारे सगळ्यांकडेच बघतात.

अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही. कुणीतरी वाकळ पांघरून बोलावं तसं येत होतं. पुरुषांचं थोडं, बायकांचं त्याहून कमी, चिमण्यांचं काहीच नाही. चिमण्या कधी बंद पडल्या ते तिला सांगता आलं नसतं. अंगणातली त्यांची उड्या मारण्याची गडबड दिसत होती, तेव्हा आवाजही आहेच असं धरून ती कितीतरी दिवस चालली होती. मिरजेला एका डॉक्टरला गुपचूप दाखवलं होतं. त्यांनी कानामागं लोखंडी चिमटा टेकवून बघितलं आणि कागदावर चित्र काढून दाखवलं: कानात आत एक बारीक हाड असतं, ते आखडत जातं, घराण्यात चालत येतं. आईला होतं का, असं त्यांनी विचारलं. मालन नाही म्हणाली. का म्हणाली कोण जाणे, डॉक्टरशी खोटं बोलून काय मिळायचं होतं. मग त्यांनी यंत्र दाखवलं. कानात बोंड, गळ्यावरून वायर, छातीशी काडेपेटीएवढी डबी. पोलक्यावर ती डबी लावून आपण वर्गात शिरतोय असं तिला दिसलं. विचार करून सांगते म्हणून ती उठली. ते सांगायचं अजून राहिलंच होतं.

आई शिराळ्याजवळच्या गावातली. बयाबाई. धाकट्या भावाच्या बाळंतपणानंतर आईचे कान गेले, तेव्हा मालन पाटीवर अक्षरं गिरवायच्या वयाची होती. आई आधी घरात मधे बसायची. मग बोलणाऱ्यांना ओरडावं लागायचं म्हणून थोडी बाजूला बसायला लागली, मग सोप्याच्या कोपऱ्यात, मग मागं परड्यात गोठ्याशेजारी. कुणी तिला तिथं ढकललं नव्हतं. रोज वीतभर ती आपणच सरकत गेली. तिच्यादेखत लोक तिच्याविषयी बोलायचे. "हिला काय सांगतुस रं, हिला दिसंल तेच खरं," असं चुलता म्हणायचा, आणि आई हसायची. ते हसू मालनला अजून जसंच्या तसं दिसायचं. समोरचा हसतोय की शिव्या देतोय हे न कळणाऱ्या माणसाचं, दोन्हीला चालेल असं हसू. कुणाचा जीव गेल्याची बातमी सांगायला माणूस आला तरी आईनं त्याच्याकडे बघून पहिल्यांदा तसंच हसून घेतलं होतं. महिन्यापूर्वी शाळेच्या ऑफिसात दोघी शिक्षिका काहीतरी बोलत होत्या आणि कपाटाच्या काचेत मालनला आई दिसली. तेच हसू, तोंडाच्या डाव्या बाजूला जरा जास्त. तेव्हापासून ती काचेच्या कपाटापाशी उभी राहत नव्हती.

शाळेत तिची कीर्ती मात्र वेगळीच झाली होती. जगदाळेबाई म्हणजे नव्या पद्धतीच्या बाई. इतर वर्गांत पोरं हाताची घडी घालून एकेकटी उठून उत्तर द्यायची. जगदाळेबाईंच्या तिसरीत बाजार भरायचा. गणित शिकवायचं तर निम्मी पोरं दुकानदार, निम्मी गिऱ्हाईक. भूगोलाला अंगणात माती आणून कृष्णा नि वारणा वाहायच्या. भिंतीवर लोकरीचं कापड ताणून बसवलेलं, त्यावर चित्रं चिकटवायची आणि काढायची. उत्तर यायचं ते बोटांवर, पाटी उंच धरून, नाहीतर सगळ्यांनी एकदम ओरडून. कवठे महांकाळकडून दुष्काळात आलेली पोरं, घरी कानडी बोलणारी जतकडची भावंडं, एका जागी क्षणभर न टिकणारा केरबा, सगळ्यांचं ह्या बाजारात भागत होतं. साहेब लोक बघायला यायचे, माना डोलवायचे. कुणाला ठाऊक नव्हतं की ह्या सगळ्या पद्धती बाईंनी आपल्या कानांपायी काढल्या आहेत. एकेकट्या पोराचा बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून पाटी. आणि गलका अशासाठी की गलक्यात तिला ऐकू यायचं. हे तिला स्वतःलाच आधी खरं वाटलं नव्हतं. एसटीचं इंजिन धडधडत असताना, पिठाच्या गिरणीत, जिथं दुसऱ्यांना ओरडून बोलावं लागतं तिथं तिला माणसांचं बोलणं स्वच्छ कळायचं. आईचंही तसंच होतं. नागपंचमीला शिराळ्यात हलग्या कडाडायला लागल्या की आई पोरीच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहायची, दुसरा तळहात स्वतःच्या छातीवर. "आता समदं ऐकू येतंय गं मालन," म्हणायची, "लय गोड वाजतंय." वर्षातला तेवढा एक दिवस ती खरंखुरं हसायची.

त्यामुळं मालनला भीती वाटायची ती शांततेची. चाळीस पोरं गप्प झाली की तिला विहिरीत सोडल्यासारखं व्हायचं. रात्रीची, एकट्या खोलीतली शांतता सोसत होती, कारण तिथं कुणी उत्तर मागत नव्हतं. पण माणसांची शांतता वाईट. त्यात कोण काय विचारून बसलं असेल आणि आता आपल्या तोंडाकडे बघत असेल, काही नेम नाही.

त्या दिवशी, सायकलच्या धक्क्यानं ठणकणारं कोपर चोळत ती शाळेत पोचली तर आकाराम गुरुजी दारातच उभे. शाळेचे हेडमास्तर, वर्षभरात पेन्शनीत निघायचे, बोलताना हात फार हलवायचे. मालनला ते सोपे पडत. त्यांच्या टेबलावर एक पेटी होती. करड्या रंगाची, वर दोन चकत्या, पुढं जाळीचं कापड आणि खाली काळ्या मुठी. टेपरेकॉर्डर. "जगदाळेबाई, तुमचं नाव साताऱ्याला गेलंय," गुरुजींचे ओठ म्हणाले. "साहेब सोमवारी येणार. ह्या यंत्रावर पाठ बघणार तुमचा. नवीन साधन, नवीन पद्धत. पसंत पडला तर दिवाळीनंतर तुम्हाला बाकीच्या मास्तरांना शिकवायला नेणार म्हणतायत." मालननं पेटीकडे बघितलं. मग सवयीप्रमाणं विचारायचं ते विचारलं: साहेब कसे आहेत. गुरुजींना वाटलं स्वभावाची चौकशी चाललीय. चांगले आहेत म्हणाले, शिस्तीचे आहेत, वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी असं त्यांना लागतं. मिशा आहेत का, हे मालनला विचारता आलं नाही.

टेपरेकॉर्डर तिनं आधी बघितला होता. गेल्या वर्षी साताऱ्याला शिक्षकांचं शिबिर झालं, तेव्हा एकेकाला पुढं बोलावून त्याचा आवाज त्या पेटीत भरला आणि सगळ्यांना ऐकवला. लोक हसून लोळत होते, आपलाच आवाज म्हणून कुणी मान्य करीना. मालनची पाळी आली. ती बोलली, चकत्या उलट्या फिरल्या, परत सुलट्या फिरल्या, आणि समोर बसलेली माणसं कौतुकानं तिच्याकडे बघायला लागली. तिला फक्त चकत्या फिरताना दिसत होत्या. आपला आवाज सगळ्या खोलीला ऐकू येतोय आणि आपल्यालाच नाही, ही गोष्ट तिच्या अंगावर आली. बाजूच्या बाईंनी काहीतरी विचारलं आणि ती हसली. संध्याकाळी ती सैनिक शाळेत मुलाला, सोपानला, भेटायला गेली. तेरा वर्षांचा पोरगा, बापाच्या वळणावर गेलेला, पुढं लष्करातच जाणार. बरोबर आलेल्या बाई म्हणाल्या, "आवाज फुटला की हो तुमच्या लेकाचा, अगदी पुरुषी झाला." मालन म्हणाली, व्हय, लक्षातच आलं नव्हतं. मुलाचा पहिला आवाज कधी संपला आणि दुसरा कसा आहे, दोन्ही तिला ठाऊक नव्हतं. येताना एसटीत खिडकीला डोकं टेकून ती रडली. इंजिनाच्या धडधडीत तिचं रडणं तिला नीट ऐकू येत होतं.

कळलं तर काय होईल ह्याचा हिशेब तिनं कितीदा मांडला होता. न ऐकणारा मास्तर कोण ठेवील? फार तर ऑफिसात कुठंतरी टाकतील, नाहीतर घरीच बसवतील. घर म्हणजे कडेगाव. नवरा हंबीरराव लष्करात, कधी जोधपूर, कधी आणखी कुठं; घर चालवायचा दीर, दादासो. ऊस होता, नवी पाइपलाइन होती, कशाला कमी नव्हतं. दादासो महिन्या-दोन महिन्यांनी काकवीची किटली घेऊन सांगलीला यायचा आणि जाताना एकदा तरी म्हणायचा, "वैनी, कशापायी एकल्या ऱ्हाताय हितं? घरी चला की. कोण तुमाला काम लावतंय?" मायेनंच म्हणायचा. काम कुणी लावणार नव्हतं, तेच तर भयंकर होतं. त्या मोठ्या घरात आधी सगळे मोठ्यानं बोलतील. मग कंटाळतील. मग तिला मधून उठून थोडं बाजूला बसावंसं वाटेल. सोप्याचा कोपरा तिला दिसायचा, त्याच्या मागचं परडंही. वर्गात ती कुणीतरी होती. पोरं तिच्याकडे तोंड करून बोलत होती. जगात एवढी चाळीसच माणसं अशी होती की ज्यांच्यात ती ऐकणाऱ्यांतली होती. तेवढी एक जागा सुटली की मग काही उरत नव्हतं.

आणि शालू होती. कवठे महांकाळकडचीच, आई-बाप दुष्काळात सांगलीला आले ते इथंच हळद फोडायच्या कामाला राहिले. शालू जन्मतः ऐकत नव्हती, बोलत नव्हती. लांबच्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत ठेवायला आईचा जीव होईना, म्हणून जगदाळेबाईंच्या वर्गात आणून बसवली. "नुसती बसू द्या, बाई," आई म्हणाली होती. मालननं तिला नुसती बसू दिली नाही. हाताच्या खुणा दोघींनी मिळूनच ठरवल्या. वर्षभरात शालू बेरीज करायला लागली, चित्राखाली नाव लिहायला लागली. बाकीच्या शिक्षिका म्हणायच्या, जगदाळेबाईंची चिकाटी दांडगी. मालनला शालूचा लळा होता आणि तिची भीतीही वाटायची. ती पोरगी बघायची कशी, सरळ आत. आपल्यातलीच एक आहे हे तिला पहिल्याच दिवशी कळलं असणार, असं मालनला वाटायचं. बरं झालं ती बोलत नाही, असंही मनात येऊन गेलं होतं, आणि त्याची तिला लाज वाटली होती.

साताऱ्याहून पेटीबरोबर फीत आली होती. 'ऐका आणि करा.' शेतावरचा एक दिवस: आधी कोंबडा आरवतो, मग बैलांच्या गळ्यातले घुंगरू, मग विहिरीवरचं इंजिन, मग पाऊस, मग चुलीपुढं गोष्ट सांगणारी आजी. आवाज ओळखून पोरांनी नक्कल करायची आणि भिंतीवर त्याचं चित्र लावायचं. गुरुजींनी आवाजाची मूठ हवी तिथं फिरवून ठेवली आणि म्हणाले, हिला हात लावू नका, बाई, बाकी फक्त हे बटण दाबा. वर्गात पेटी लावली. चकत्या फिरायला लागल्या आणि मालनला काहीही ऐकू आलं नाही. पण पोरांनी माना वर केल्या आणि केरबानं हात झटकून बांग दिली, आणि तिला वाट सापडली. पोरांकडे बघायचं. पोरं हलली की आवाज झाला. ती शालूला कोंबड्याची खूण करायची, मग शालूही पंख झटकायची. आधी पोरं, मग बाईंची खूण, मग शालू. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, बाई एका मुक्या पोरीसाठी किती झटतायत.

शालूनंच तिला दुसरी गोष्ट दाखवली. सुट्टीत फीत चालू असताना ती पेटीपाशी आली आणि तिनं पुढच्या जाळीच्या कापडावर तळहात ठेवला. तिचं तोंड उजळलं. मालननं पेटीवर हात ठेवला, वरच्या झाकणावर. खरंच, आत काहीतरी थरथरत होतं. मालनला आईचा छातीवरचा हात आठवला. आवाज हाताला कळत होता. शालूनं बाईंचं मनगट धरून खाली जाळीकडे ओढलं, पण मालनला वाटलं पोरगी खेळतेय. तिनं हात सोडवून घेतला आणि पुन्हा झाकणावर ठेवला. तिथं उभं राहायला सोयीचं होतं, सहज ठेवल्यासारखा दिसत होता. मग रोज सराव झाला. हात झाकणावर, डोळे पोरांवर. फीत सुरू झाली की तळहाताला कळायचं, थांबली की कळायचं, आणि मधलं सगळं पोरं सांगायची. सोमवार जवळ येत होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मालनला वाटलं की निभेल. तरी झोप येत नव्हती. डोळा लागला की साहेब स्वप्नात यायचे आणि त्यांना तोंडच नसायचं.

सोमवारी साहेब आले आणि त्यांना मिशा होत्या. वरचा ओठ पूर्ण झाकणाऱ्या, जाड, पांढुरक्या. वर तोंडात पान. ते दारातच काहीतरी बोलले. मालननं नमस्कार केला, नमस्कार कशालाही चालतो. त्यांच्या तोंडावरून काही म्हणजे काही कळत नव्हतं. मिशा वर-खाली होत होत्या, बस्स. गुरुजींनी पेटीची पूजा मांडली होती. नवं यंत्र साहेबांसमोर पहिल्यांदा चालायचं तर तसंच कसं चालवायचं? पेटीला झेंडूची माळ, पुढं नारळ, आणि मुठींवर, चकत्यांवर, जाळीवर हळद-कुंकवाची बोटं. साहेबांनाही ते आवडलं असावं. नारळ फोडला. मग साहेबांनी चकत्यांकडे बोट करून कपाळाला आठी घातली, तसे गुरुजी शिपायावर डाफरले आणि शिपाई जोतिबानं खांद्यावरच्या फडक्यानं घाईघाईनं सगळं पुसून काढलं. चकत्या, झाकण, एकेक मूठ धरून चोळून चोळून. पेटी लखलखली. मालन हे बघत होती, म्हणजे डोळ्यांनी दिसत होतं. मन साहेबांच्या मिशांपाशी अडकलं होतं.

साहेब मागच्या बाकावर बसले, शेजारी गुरुजी. साहेबांनी ओठांवर बोट ठेवलं आणि चाळीस पोरं एकदम गप्प झाली. ती शांतता मालनला कातडीवर जाणवली. तिनं बटण दाबलं. चकत्या फिरू लागल्या. तिनं तळहात झाकणावर ठेवला, आणि रोजची ओळखीची थरथर हाताला लागली तेव्हा तिला हायसं वाटलं. चला, सुरू झालं. आता कोंबडा. तिनं पोरांकडे बघितलं. पोरं बसून होती. केरबा, जो रोज फीत सुरू व्हायच्या आधीच उठायचा, तो बाईंकडे बघत होता. कुणी हललं नाही. घाबरली पोरं, तिच्या मनात आलं, साहेबांना घाबरली. तिच्या काखेत घाम फुटला. हात थरथर सांगत होता, म्हणजे पेटी बोलत होती, कोंबडा आरवून गेलासुद्धा असणार, आणि साहेब बघतायत की पोरांना काही येत नाही. तिनं पोरांना धीर द्यावा तसं हसून शालूकडे बघितलं आणि कोंबड्याची खूण केली. शालू उठली, पंख झटकले. तरी बाकीचे तसेच. मग केरबानं शालूकडे बघितलं, शेजारच्या पोराला ढोसलं, उभा राहिला आणि मान ताणून त्यानं बांग दिली. मग दुसरा, मग सगळा वर्ग. जतकडच्या पोरीनं जाऊन कोंबड्याचं चित्र भिंतीवर लावलं. मालनचा श्वास परत आला.

पण काहीतरी चुकत होतं. बैलांच्या वेळीही तसंच. पोरं थांबली, तिनं शालूला खूण केली, शालू हलली, मग पोरं. इंजिनाला तसंच. रोज आधी पोरं आणि शेवटी शालू, आज आधी शालू. चक्र उलटं फिरतंय हे मालनला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. हात झाकणावर होता, थरथर चालू होती. पावसाला सगळ्यांनी बाकांवर बोटं वाजवली, ती थोडी ऐकूही आली. आजीच्या वेळी पोरं मांडी घालून, हनुवटीला हात लावून शांत बसली आणि गोष्ट ऐकायला लागली. इतकी मन लावून, इतकी पेटीकडे डोळे लावून की तिला भरून आलं. साहेब जागेवरून उठले होते. त्यांच्या मिशा हलत नव्हत्या. गुरुजी मात्र हात हलवत होते, पेटीकडे, तिच्याकडे, पुन्हा पेटीकडे, आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. रोज सोप्या पडणाऱ्या गुरुजींचं मालनला आज काही कळेना.

तेव्हा शालू उठली. कुणी खूण केली नव्हती. ती सरळ पेटीपाशी आली, तिनं पुढच्या जाळीवर आपला तळहात ठेवला आणि क्षणभर तसाच ठेवून मान वर करून बाईंकडे बघितलं. मग तिनं झाकणावरचा बाईंचा हात दोन्ही हातांनी धरला. या वेळी मालननं तो सोडवला नाही. शालूनं तो खाली आणला आणि जाळीवर टेकवला. तिथं काहीच नव्हतं. कापड होतं, त्याच्या मागं पोकळी होती, आणि कुंकवाचा ओलसर डाग राहिला होता तो बोटाला लागला. मालननं आवाजाच्या मुठीकडे बघितलं. पुसताना ती पार शेवटापर्यंत उलटी फिरली होती. म्हणजे आज पहिल्यापासून पेटी मुकी होती. म्हणजे झाकणावर रोज कळत होतं ते मोटारीचं फिरणं होतं. आवाज तिच्या हाताला कधी कळलाच नव्हता.

तिनं वर्गाकडे बघितलं. पोरं अजून हनुवटीला हात लावून बसली होती. नसलेली गोष्ट ऐकत होती. केरबा, ज्याला एका जागी बसवायला तिला वर्ष लागलं होतं, तो डोळ्याची पापणी न हलवता बसला होता. एकानंही सांगितलं नव्हतं की बाई, आवाज येत नाही. आणि आता तिला एकेक आठवायला लागलं. पोरं तिच्याशी बोलताना समोर येऊन उभी राहायची. पाठमोरी असली तर पदर ओढायची, हाक मारायची नाहीत. घंटा झाली की कुणीतरी दाराकडे बोट दाखवायचं. नवीन आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी मागच्या बाकावर नेऊन कानात काहीतरी सांगायची, तेव्हा तिला वाटायचं खोड्या चालल्यात. किती दिवस? किती वर्षं? आधीच्या तिसरीनं ह्या तिसरीला सांगून ठेवलं असेल. ज्या एका जागी आपण ऐकणाऱ्यांतल्या आहोत असं तिला वाटत होतं, तिथंच सगळ्यांना ठाऊक होतं. सोपा, कोपरा, परडं, सगळं एका क्षणात तिच्यासमोर आलं. आणि तरी पोरांची तोंडं तिच्याकडेच वळलेली होती, रोजच्यासारखी.

साहेब समोर येऊन उभे राहिले होते. मिशा हलल्या, थांबल्या. काहीतरी विचारलं होतं. तिच्या तोंडाच्या डाव्या बाजूला ते हसू यायला लागलं. तिला ते येताना कळलं, आईचं, दोन्हीला चालेल असं. तिनं ओठ दाबून धरले, दाताखाली धरले, आणि ते गेल्यावर म्हणाली, "थांबा, साहेब. मला असं ऐकू येत नाही." आपला आवाज किती मोठा निघाला हे तिला कळलं नाही. मग ती पोरांकडे वळली. "बाराचा पाढा," ती म्हणाली, "सगळ्यांनी. गिरणीसारखा." पोरं उठली. बारा एके बारापासून जो गलका उठला तो भिंतींना लागला, खिडक्यांना लागला, शेजारच्या वर्गातली पोरं दारात गोळा झाली, शालूनं बाकावर हात आपटायला सुरुवात केली. आणि त्या गलक्यात वाकळ बाजूला झाल्यासारखं मालनला सगळं यायला लागलं: केरबाचा घोगरा आवाज, जतच्या पोरीचे कानडी हेल, गुरुजींचं खाकरणं.

"जगदाळेबाई," साहेब ओरडत होते, पाढ्याच्या वर जायला त्यांना ओरडावंच लागत होतं, आणि त्यांचा शब्दन् शब्द तिला स्वच्छ ऐकू येत होता, "कधीपासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"ते मला नका विचारू, साहेब," मालन म्हणाली. तिचा हात अजून जाळीवर होता, त्यावर शालूचा. "ह्या पोरांना विचारा. मला वाटत होतं, कुणाला ठाऊकच नाही."